आधी चौकशी, मग हुकूम : महाराजा सयाजीराव आणि त्यांची निर्णय घेण्याची रीत

बडोद्याच्या मराठी घरात सयाजीराव महाराजांचे नाव घेण्यासाठी जयंती-पुण्यतिथीची वाट पाहावी लागत नाही. मुले सयाजीबागेत खेळायला जातात, थोडी मोठी झाली की महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात शिकतात, आणि घरात कोणी आजारी पडले की आपण सयाजी रुग्णालयाची वाट धरतो. पण नाव इतके ओळखीचे झाले की माणसाबद्दल प्रश्न विचारायचे राहून जातात. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, बँक, आजव्याचे तळे ही यादी आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. ही कामे करायचे ठरले कसे, ठरवण्याआधी काय तपासले गेले, आणि ठरवलेले चुकले तेव्हा काय केले गेले, हे मात्र आपण फारसे बोलत नाही.

या लेखात आम्ही महाराजांचे चरित्र त्याच बाजूने सांगणार आहोत. सगळे चरित्र सांगणे एका लेखात शक्य नाही. त्यांचे परदेश प्रवास, राजवाड्यातील जीवन, इंग्रज सरकारशी झालेले खटके हे विषय आम्ही बाजूला ठेवले आहेत. एक माणूस विचार करून निर्णय घ्यायला कसा शिकला आणि ती रीत त्याने साठ वर्षे कशी चालवली, एवढेच येथे पाहायचे आहे.

कवळाण्याहून बडोद्याला

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळ. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळचे कवळाणे हे त्यांचे गाव. मार्च १८६३ मध्ये काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे आणि शेतीवर जगणारे. बडोद्याच्या गादीशी आपला कधी संबंध येईल, असे त्या घरात कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

तो संबंध आला बडोद्यातील एका मोठ्या उलथापालथीमुळे. त्या वेळी गादीवर असलेल्या मल्हारराव महाराजांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते, आणि हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे व सर दिनकरराव राजवाडे हे दोघे होते. मंडळाचे मत बरोबर निम्मेनिम्मे विभागले गेले. तरीही इंग्रज सरकारने राज्यकारभार बिघडल्याचे कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. मग खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि घराण्याच्या शाखांतून मुले पाहिली जाऊ लागली.

काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्याला आले. येथे का आलात, असे मुलांना विचारले असता गोपाळने राज्य करायला आलो असे बेधडक सांगितले, ही गोष्ट बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. वय बारा वर्षांचे. लिहिण्यावाचण्याशी त्यांची फारशी ओळख नव्हती.

ज्या गादीवर ते बसले तिच्यावरचा आधीचा राजा चौकशी होऊन गेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजाच्या शब्दालाही कोणी तरी जाब विचारू शकतो, हे या मुलाला राज्य हाती येण्याआधीच कळले होते.

दोन गुरू

त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी वऱ्हाडच्या शिक्षण खात्यातून आलेल्या एलियट साहेबांकडे दिली गेली. राजपुत्रासाठी खास शाळा निघाली आणि त्यात इतर मुलेही बरोबर बसवली गेली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकाव्या लागल्या. उशिरा सुरुवात झाल्यामुळे कष्ट जास्त पडले. पण स्वतः उशिरा शिकल्यामुळेच शिक्षण न मिळणे म्हणजे काय, याची जाणीव त्यांना जन्मभर राहिली, असे आम्हाला वाटते.

दुसरे गुरू म्हणजे दिवाण सर टी. माधवराव. हे दक्षिणेत वाढलेले मराठी गृहस्थ. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्यात आले होते. सयाजीराव अज्ञान असताना राज्याची विस्कटलेली घडी त्यांनी बसवली. महाराजांना अधिकार मिळायच्या आधी, १८८१ मध्ये, त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाने स्वतःच्या लहरीपेक्षा कायद्याला वर मानावे, खुशामत करणाऱ्यांपासून सावध राहावे, जाणत्या माणसांचे मत घ्यावे, असा त्या शिकवणीचा रोख होता.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, अठरा वर्षांचे असताना, महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. त्यानंतर वर्षाच्या आतच माधवराव बडोदे सोडून गेले. तरुण राजा आणि अनुभवी दिवाण यांची मते जुळेनाशी झाली होती. गुरूचा सल्ला ऐकायचा, पण तो आपल्या बुद्धीने तपासायचा आणि पटला नाही तर वेगळी वाट धरायची, ही सवय पहिल्या वर्षापासूनच दिसते.

राज्य डोळ्यांनी पाहणे

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत, आणि त्यांच्या मधोमध इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकांचा मुलूख. नवसारीच्या रानातला आदिवासी आणि द्वारकेजवळच्या ओखामंडळातला वाघेर एकाच राजाची प्रजा होते. पण त्यांचे पाऊसपाणी, पिके आणि अडचणी यांत काही सारखे नव्हते. प्रांतावर सुभा आणि तालुक्यावर वहिवाटदार असे. त्यांचे कागद हुजूर कचेरीत येत आणि त्यावर हुकूम निघे.

कागदावर दिसते ते राज्य आणि प्रत्यक्षातले राज्य एकच आहे का, हा प्रश्न महाराजांना अधिकार हाती येताच पडला. म्हणून ते प्रांतांच्या दौऱ्यावर निघाले. गावात जायचे, लोकांचे अर्ज घ्यायचे, शेतसारा, विहिरी, शाळा यांची चौकशी करायची, आणि परत आल्यावर अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा मागवायचा, असा क्रम असे. लेखी मत मागवण्याची सवय पुढे त्यांच्या कारभाराची ओळखच झाली. एखाद्या प्रश्नावर दोन-तीन अधिकाऱ्यांची मते घ्यावीत, गरज पडल्यास समिती नेमावी, बाहेरचा जाणकार बोलवावा आणि मगच हुकूम द्यावा, अशी ती रीत होती.

या रीतीला दोष होताच. कागद फिरत राहतात आणि कामे रेंगाळतात. शिवाय बारीकसारीक गोष्टही हुजूरपर्यंत आणायची म्हटल्यावर महाराज परदेशी गेले की कारभार अडे. प्रकृतीमुळे १८८७ पासून ते वारंवार युरोपला जाऊ लागले, तेव्हा हा दोष ठळकपणे जाणवला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी हळूहळू अधिकार वाटून दिले, कार्यकारी मंडळ नेमले, न्यायखाते आणि मुलकी खाते वेगळे केले. निर्णय घेण्याची आपली पद्धतही तपासून बदलावी लागते, हे त्यांनी मान्य केले.

विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा, छप्पन्नाचा दुष्काळ ही या रीतीची कठीण परीक्षा होती. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ आणि प्लेग या दोन संकटांनी हे केले. त्या काळात महाराज दुष्काळी भागात फिरले, आणि त्या दौऱ्यातील त्यांची टिपणे १९०१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. संकट सरल्यावर ते विसरून जाण्याची सगळ्यांनाच घाई असते. काय झाले, कुठे कमी पडलो, हे लिहून ठेवणारे थोडेच. राजाने स्वतः फिरून केलेली अशी नोंद त्याहून विरळ.

अमरेलीचा प्रयोग

सक्तीच्या शिक्षणाची हकिगत आम्ही सविस्तर सांगतो, कारण महाराजांची रीत तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

प्रत्येक मुलाला आणि मुलीला शाळेत पाठवलेच पाहिजे, असा कायदा त्या काळी हिंदुस्थानात कुठेच नव्हता. महाराजांच्या मनात तो विचार पक्का होता. हाती सत्ता होती, खजिना सुस्थितीत होता. साऱ्या राज्याला एकदम हुकूम सोडणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. १८९३ मध्ये अमरेली शहर आणि त्या तालुक्यातील मोजकी गावे निवडून तेथे प्रयोग सुरू केला. मुलांसाठी वय सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. शिक्षण मोफत. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. पुढे गावे वाढवत साऱ्या तालुक्याला हा नियम लागू झाला.

या प्रयोगातून उत्तरे हवी होती ती साधी पण अवघड होती. मूल शाळेत गेले तर गुरे कोण राखणार? पेरणी-कापणीच्या दिवसांत हजेरी किती पडते? दंड लावला तर लोक मूल पाठवतात की दंड भरून मोकळे होतात? मुलींना पाठवायला घरे तयार होतात का? गावोगावी पुरतील एवढे शिक्षक आणायचे कुठून? हुजूर कचेरीत बसून यांतल्या एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता आले नसते.

हा प्रयोग तेरा वर्षे चालला. दुष्काळाची वर्षेही त्यातच आली. १९०६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा साऱ्या राज्याला लागू झाला, तेव्हा त्याच्या मागे एका तालुक्याचा तेरा वर्षांचा अनुभव होता. चार वर्षांनी, १९१० मध्ये, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांनी बडोद्याचा दाखला दिला. गोखल्यांचे विधेयक इंग्रज सरकारने मंजूर होऊ दिले नाही. पण हिंदी लोकांना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना दाखवायला अमरेली होती.

तेरा वर्षे वाट पाहणे योग्य होते का, असे कोणी विचारू शकेल. तेवढ्या काळात इतर तालुक्यांतल्या मुलांची एक अख्खी पिढी शाळेविना मोठी झाली. सावकाश आणि तपासून घेतलेल्या निर्णयाचीही किंमत असते आणि ती बहुधा निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागत नाही. म्हणून हा आक्षेप आम्हाला उडवून लावावासा वाटत नाही. मात्र दुष्काळाने खिळखिळ्या झालेल्या मुलुखात तयारी नसताना काढलेला हुकूम कागदावरच राहिला असता, हेही तितकेच खरे.

शाळेनंतर काय?

कायदा झाला, शाळा निघाल्या, पट वाढला. महाराजांच्या जागी दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता. पण एक गोष्ट दिसू लागली होती. चार-पाच वर्षे शाळेत गेलेले मूल शाळा सोडून शेतात गेले की काही वर्षांत शिकलेले विसरून जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, मग अक्षरओळख टिकणार कशी? शाळेच्या पटावरची संख्या आणि खरोखर वाचू शकणाऱ्या माणसांची संख्या यांत अंतर होते.

ग्रंथालयांची चळवळ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाढली. गुजरातेत मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगावी वाचनालये काढत होतेच. महाराजांनी अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये तेथील ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्यात बोलावले. ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते निघाले. महाराजांच्या खासगी संग्रहातील पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयातली लोखंडी मांडण्यांची आणि काचेच्या जमिनीची रचना आजही पाहण्यासारखी आहे. ज्या गावात वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात, वाचून झाल्या की पुढच्या गावाला जात.

गावाला वाचनालय देण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवली होती. सारे पैसे सरकारने द्यायचे नाहीत. गावाने आपला वाटा जमवायचा, तेवढाच वाटा प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. गावाला खरेच वाचनालय हवे आहे की नाही, हे वर्गणीवरून आपोआप कळे. फुकट मिळालेल्या कपाटाला कुलूप लागते. पदरचे पैसे घातलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक असते.

जे चालले नाही ते सोडून देणे

महाराजांचे सगळे निर्णय यशस्वी झाले, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. राज्यात उद्योग यावेत म्हणून सुरुवातीला सरकारने स्वतः भांडवल घातले. बडोद्यात सरकारी कापडगिरणी निघाली, गणदेवीला साखरेचा कारखाना निघाला. सरकारी नोकरांनी धंदा चालवण्याचा हा मार्ग फळला नाही. साखर कारखाना टिकला नाही आणि गिरणी पुढे खासगी हाती गेली. त्यातून महाराजांनी घेतलेला धडा असा, की राज्याने धंदा करण्यापेक्षा धंदा करणाऱ्याला शिक्षण, रस्ते आणि भांडवल मिळेल अशी सोय करावी. १८९० मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले होतेच. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली. गिरणीच्या अनुभवाविना बँकेची कल्पना त्या रूपात आली असती का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

सामाजिक कायद्यांतही हेच दिसते. १९०४ मध्ये बालविवाह रोखणारा कायदा झाला. मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा, ही मर्यादा आज आपल्याला फार कमी वाटेल, पण त्या वेळी तीसुद्धा अनेकांना सोसेना. लोकांनी पळवाट काढली. बालविवाह करायचा, दंड भरायचा, आणि दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चात धरायची. दंडाचे आकडे वाढले म्हणून कायदा यशस्वी झाला, असे मानता येत नव्हते. उलट तेच आकडे कायदा अपुरा असल्याचे सांगत होते. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि वयाची मर्यादा वाढवली गेली. १९३१ मध्ये हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा झाला. तोवर महाराजांना अधिकार मिळून पन्नास वर्षे होत आली होती.

भाषेचा निर्णय आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी माणसांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. राजा मराठी, दरबारातली पुष्कळ घराणी मराठी, पण बहुसंख्य प्रजा गुजराती. ज्याला हुकूम पाळायचा आहे त्याला तो वाचता आला पाहिजे, या विचाराने कारभारात आणि शिक्षणात गुजरातीला मुख्य स्थान दिले गेले. मराठीचे त्यामुळे काही बिघडले नाही. मराठी शाळा चालल्या, मराठी ग्रंथांना आश्रय मिळाला, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई याच राज्याच्या नोकरीत राहून इतिहास लिहीत होते, आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले. कारभारातील शब्दांसाठी आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश १९३१ मध्ये निघाला. आपली भाषा जपण्यासाठी शेजाऱ्याची भाषा खाली ठेवावी लागत नाही, हे बडोद्याने तेव्हाच पाहिले.

कामाठीबागेतील एक दिवस

येथवर वाचून कोणाला वाटेल की चौकशी, प्रयोग आणि दुरुस्ती एवढे सांभाळले की निर्णय बरोबर येतोच. बडोद्याच्याच इतिहासातील पुढची घटना तसे वाटू देत नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी महाराजांनी कारकिर्दीच्या आरंभीच शाळा काढल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवायला तयार नव्हते, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी या कामासाठी बडोद्यात आले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांना शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली होती. आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, असा करार होता.

निर्णय उत्तम होता. त्या तरुणाची पात्रता पारखून तो घेतला होता आणि त्याचे फळ साऱ्या देशाला मिळाले. पण करारात एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. हा माणूस शिकून बडोद्यात परत येईल, तेव्हा राहील कुठे?

१९१७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकर बडोद्याला आले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. पारशी नाव लावून ते एका पारशी उतारूगृहात राहिले. कचेरीत शिपाई लांबूनच फायली त्यांच्या टेबलावर टाकत. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी लोकांचा घोळका आला आणि त्यांना तेथून बाहेर काढले गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मिळतो का, हे त्यांनी पाहिले. दोन्हीकडे नकार मिळाला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता. तोवर ते कामाठीबागेत बसून राहिले.

कामाठीबाग म्हणजेच आपली सयाजीबाग. महाराजांनीच ती प्रजेसाठी खुली केली होती. साऱ्या शहरात बसायला मिळालेली ती एकच जागा असावी, ही गोष्ट महाराजांबद्दल काही सांगते आणि शहराबद्दलही. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

ज्या राज्यात लेखी मत मागवल्याशिवाय पान हलत नसे, तेथे एका निकडीच्या अर्जाला टेबलांवरून फिरताना दिवस गेले. चौकशीची रीत यंत्रासारखी चालू लागली की असे होते. कागद पुढे सरकत असतो, म्हणून प्रत्येकाला आपण काम केले असे वाटते. त्या अर्जामागे रात्र कुठे काढायची या चिंतेतला एक माणूस आहे, हे विचारणारे कोणी उरत नाही. शिवाय हुकूम कचेरीपर्यंत पोचतो, शेजारपाजारच्या मनापर्यंत पोचत नाही. तेथे राजाची नव्हे, त्या गावच्या नागरिकांची कसोटी असते. त्या दिवशी बडोद्याचे नागरिक त्या कसोटीला उतरले नाहीत. त्यांत मराठी कुटुंबेही होती, हे आपण वगळू नये.

आपल्यासाठी

महाराजांची कारकीर्द पुढेही वीस वर्षे चालली. १९३६ च्या हीरक महोत्सवात त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी ठेवला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. विद्यापीठाचा विचार त्यांच्या हयातीत बराच पुढे गेला होता. ते प्रत्यक्षात १९४९ मध्ये आले.

राज्ये गेली. आपल्यापैकी कोणाला हुजूर हुकूम काढायचा नाही. पण निर्णय आपल्यालाही घ्यावे लागतात. मुलांना कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे, जुने घर पाडून सदनिका घ्यायची का, आयुष्यभराची बचत कुठे ठेवायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या शस्त्रक्रियेला होकार द्यायचा का. मंडळाच्या पातळीवर मराठी वाचनालय चालवायचे कसे आणि गणेशोत्सवाचा खर्च किती करायचा, हेही आलेच. अशा वेळी शेजाऱ्याने केले म्हणून, व्हॉट्सअ‍ॅपवर आले म्हणून किंवा सभेत एकाने मोठ्याने सांगितले म्हणून आपण ठरवून टाकतो.

महाराजांच्या चरित्रातून यासाठी चार सवयी उचलता येतील. जे ठरवायचे आहे ते आधी स्वतः जाऊन पाहावे आणि आपल्याहून वेगळे मत असणाऱ्याला मुद्दाम विचारावे. जमेल तेथे अमरेलीसारखा छोटा प्रयोग करावा. वाचनालयाची वेळ बदलायची तर एक महिना बदलून पाहावी आणि किती वाचक आले ते मोजावे. काय ठरले आणि का ठरले हे लिहून ठेवावे, म्हणजे वर्षाने पडताळता येते. आणि गिरणीसारखी एखादी गोष्ट चालत नसेल तर आपण सुरू केली म्हणून ती ओढत राहू नये.

पाचवी सवय कामाठीबागेतून घ्यायची आहे. ज्याच्यासाठी निर्णय घेतला त्याच्यापर्यंत तो पोचला का, हे त्यालाच जाऊन विचारावे. सक्तीच्या शाळेतल्या मुलाला वाचता येते का, दंड भरणाऱ्या घरातली मुलगी खरेच वाचली का, शिष्यवृत्ती घेऊन परत आलेल्या माणसाला रात्री निजायला जागा आहे का. आपल्या मंडळापुरते बोलायचे तर, कार्यक्रमाला न येणारी घरे का येत नाहीत, हे त्यांच्या दारी जाऊन विचारायला कोणत्याही ठरावाची गरज नाही. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीआधी प्रत्येक सभासदाने अशा एका घरी जाऊन यावे, अशी आमची सूचना आहे.